पायरी सोडलेल्या बायकांचे ब्लूज

'ब्लूज' हा शब्द आपल्याकडच्या साहित्यचर्चेत येतो तो बहुधा दुःखाचे बोट धरूनच. आफ्रिकन-अमेरिकन साहित्यावरच्या व्याख्यानांत आणि प्रबंधांच्या प्रास्ताविकांत त्याची ओळख साधारणतः एका वाक्यात उरकली जाते : गुलामगिरीत आणि तिच्यानंतरच्या दैन्यात भरडल्या गेलेल्या माणसांचे वेदनागीत. हे वाक्य खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणाचा परिणाम असा होतो की, विद्यार्थी ब्लूजकडे शोकसभेला जावे तसा जातो : मान खाली घालून, आवाज लहान करून. तेथे कोणी मोठ्याने हसत असेल, एखादी बाई कमरेवर हात ठेवून टोमणा मारत असेल आणि भोवतालची मंडळी त्या टोमण्याला दाद देत असतील, ही शक्यता त्याच्या मनाला शिवतही नाही.

ज्या अल्बमविषयी येथे लिहायचे आहे, तो ऐकताना ही समजूत पहिल्या काही मिनिटांतच डळमळू लागते. १९९० साली शिकागोच्या 'अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्स' या कंपनीने 'सॅफायर : द अपिटी ब्लूज विमेन' या त्रयीचा त्याच नावाचा अल्बम प्रसिद्ध केला. अ‍ॅन रॅबसन पियानो आणि गिटार वाजवते, गे अडेग्बालोला गिटार आणि माउथ ऑर्गन, तर अर्लीन लुईस उभा बास. गातात तिघीही. ड्रमचा आधार नाही, इलेक्ट्रिक गिटारचा गडगडाट नाही. लाकूड, तारा, श्वास आणि गळा एवढ्याच सामग्रीवर हा सारा व्यवहार चालतो. विजेच्या गिटारीवर ज्या कंपनीने आपले नाव उभे केले, तिने हा अल्बम काढावा हेही लक्षात घेण्याजोगे आहे. ब्रूस इग्लाउर यांनी १९७१ साली ही कंपनी स्थापली ती हाउंड डॉग टेलर या शिकागोच्या दणदणीत वादकाची ध्वनिमुद्रिका काढण्यासाठी.

हा अल्बम मी वारंवार ऐकतो याचे पहिले आणि सर्वांत प्रामाणिक कारण म्हणजे तो ऐकताना मजा येते. साहित्याच्या अभ्यासकाने असे विधान केले की पुढे काहीतरी गंभीर सांगून ते सावरून घ्यावे, अशी आपल्या वर्तुळात अलिखित अपेक्षा असते. प्रस्तुत लेखात तसे सावरून घ्यायचे नाही. या गाण्यांतला आनंद हाच त्यांचा आशय आहे, आणि तो बाजूला काढून उरलेल्या गाण्याचा अभ्यास केला तर हाती फक्त कागद उरतो, एवढेच येथे मांडायचे आहे.

प्रथम या स्त्रिया कोण, ते पाहू. व्हर्जिनिया राज्यातल्या फ्रेडरिक्सबर्ग या लहान शहरात १९८४ साली हा गट जमला. अडेग्बालोलाचा जन्म १९४४ चा, याच शहरातला. रॅबसनचा १९४५ चा. म्हणजे अल्बम आला तेव्हा दोघीही पंचेचाळिशीत होत्या. अडेग्बालोला शाळेत विज्ञान शिकवत असे, आणि १९८२ साली ती व्हर्जिनियाची राज्यस्तरीय सर्वोत्तम शिक्षिका ठरली होती. त्याआधीचा एक धागाही विसरता येत नाही. १९६० साली फ्रेडरिक्सबर्गमधल्या दुकानांच्या उपाहार-कट्ट्यांवर कृष्णवर्णीयांना बसू दिले जात नसे, त्याविरुद्धच्या ठिय्या आंदोलनात शाळकरी वयात ती सहभागी झाली होती. रॅबसनचे चरितार्थाचे काम संगणकाचे. गिटार ती किशोरवयापासून वाजवत होती. पियानो मात्र तिने पस्तिशीच्या आसपास हाती घेतला. नोकऱ्या सोडून पूर्णवेळ गाण्याकडे वळण्याचा निर्णय त्यांनी १९८८ साली घेतला. ज्या वयात निवृत्तिवेतनाचा हिशेब सुरू होतो, त्या वयात या बायका गिटारी घेऊन रस्त्याला लागल्या.

आता त्यांनी घेतलेले नाव. 'अपिटी' या शब्दाला मराठीत नेमका एक प्रतिशब्द नाही. पण त्याचा अर्थ मराठी माणसाला फार समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत हा शब्द गोरे लोक कृष्णवर्णीयांविषयी वापरत : जो आपली पायरी विसरला तो 'अपिटी'. आपल्याकडे 'पायरीने राहावे' हा उपदेश कोणाला केला जातो आणि 'पायरी सोडली' हा ठपका कोणावर येतो, हे आठवले की शब्दाचे वजन कळते. 'सॅफायर' या नावालाही अशीच एक छटा आहे. 'एमॉस अँड अँडी' या एके काळी अतिशय लोकप्रिय असलेल्या रेडिओ आणि पुढे दूरचित्रवाणी मालिकेत सॅफायर नावाची एक नवऱ्यावर खेकसणारी कृष्णवर्णीय बायको होती, आणि तिच्यावरून कजाग काळ्या बाईचा एक ठरीव साचा अमेरिकन लोकमानसात रूढ झाला. या त्रयीने आपल्या नावाचे स्पेलिंग निराळे ठेवले आहे. तरी तो प्रतिध्वनी अमेरिकन श्रोत्याच्या कानावर पडतोच. शिवी म्हणून फेकलेला शब्द उचलून तो पदवीसारखा नावापुढे लावणे, ही कृती स्वतःच एक ब्लूज आहे.

येथे ब्लूजच्या घडणीकडे वळणे आवश्यक आहे, कारण या अल्बमची गंमत त्या घडणीतूनच निघते. ब्लूजचा सर्वांत रूढ साचा बारा 'बार'चा, म्हणजे प्रत्येकी चार मात्रांच्या बारा खंडांचा. आपल्या भाषेत बोलायचे तर अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. या आवर्तनात स्वरसंवाद षड्जावरून मध्यमाकडे, तेथून परत, मग पंचमाकडे आणि पुन्हा घरी असा फिरतो. शब्दांची रचना तीन ओळींची : पहिली ओळ, तिचीच पुनरावृत्ती, आणि तिसरी ओळ जी पहिलीला उत्तर देते, कलाटणी देते किंवा तिची फजिती करते. गाणाऱ्याचा गळा कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागी रेंगाळतो, ती जागा पियानोच्या पट्ट्यांवर सापडत नाही. प्रत्येक ओळ आपल्या वाट्याच्या चार खंडांतली साधारण अर्धीच जागा व्यापते. उरलेल्या अर्ध्या जागेत वाद्य उत्तर देते.

आता विनोदाचा विचार करा. विनोदाला काय लागते? एक विधान, ते मुरायला थोडा अवकाश, आणि मग अनपेक्षित समारोप. ब्लूजचा साचा नेमके हेच पुरवतो. पहिल्यांदा ओळ येते तेव्हा आपण ती विश्वासाने ऐकतो. तीच ओळ पुन्हा येते तेव्हा मनात शंका चुकचुकते : ही बाई हे सरळ म्हणते आहे ना? आणि तिसऱ्या ओळीला शंका खरी ठरते. दुःख सांगण्यासाठी हा साचा जितका समर्थ आहे, तितकाच टोमणा मारण्यासाठीही आहे. किंबहुना दोन्ही एकाच आवर्तनात बसू शकतात, आणि चांगल्या ब्लूजमध्ये ते बसतातच. राल्फ एलिसन यांनी रिचर्ड राइटवरील १९४५ च्या निबंधात ब्लूजचे जे विवेचन केले, त्यातही शोकात्म आणि हास्यात्म या दोहोंच्या सीमेवर ब्लूजची जागा दाखवलेली आहे. आपण मात्र त्यातला शोक तेवढा वाचला.

विजेविना केलेल्या वादनाचे महत्त्व येथेच कळते. इलेक्ट्रिक ब्लूजमध्ये गिटार ही दुसरी गायिका असते, आणि पुष्कळदा ती पहिलीला झाकून टाकते. सॅफायरच्या गाण्यांत शब्द उघड्यावर उभा असतो. रॅबसनचा डावा हात बुगी-वूगीचा तोच तो आकृतिबंध न थकता फिरवत राहतो आणि तालाचा बराचसा भार उचलतो; उभ्या बासचा घुमारा खालून जमीन पुरवतो; ओळीनंतरच्या मोकळ्या जागेत माउथ ऑर्गन किंवा गिटार एखादा हुंकार, एखादी खोचक टिप्पणी करून जाते. एकीचे गाणे चालू असताना दुसऱ्या दोघी मधूनच साथीला येतात, तेव्हा त्यांचा स्वर कोरसचा कमी आणि शेजारणींच्या दुजोऱ्याचा अधिक वाटतो. एक बोलते, दुसरी 'अगदी खरं' म्हणते, तिसरी हसते. ऐकणारा आपोआप त्या घोळक्यात चौथा होतो. ही जवळीक मोठ्या ध्वनिवर्धकांच्या आवाजात साधली नसती.

यातली दोन गाणी विशेष विचार करण्याजोगी आहेत. 'मिडल एज्ड ब्लूज बुगी' हे अडेग्बालोलाचे गाणे १९९० साली ब्लूजक्षेत्रातल्या डब्ल्यू. सी. हँडी पुरस्कारांत वर्षातले उत्कृष्ट गीत ठरले. मध्यम वयाची बाई आपल्या इच्छेविषयी, आणि वयाने लहान पुरुषाविषयी, निःसंकोच बोलते, असा त्याचा विषय. विषय चावट आहे यात शंका नाही. पण त्या चावटपणाची दिशा पाहावी. प्रौढ स्त्रीचे शरीर आणि तिची इच्छा हा विनोदाचा विषय जगभर असतोच. फरक एवढाच की तो विनोद एरवी तिच्यावर केलेला असतो. येथे तो ती स्वतः करते, आणि हसण्याची किल्ली आपल्या हाती ठेवते. श्रोता हसतो तो तिच्या परवानगीने, तिने ठरवलेल्या जागी. वाढते वय ही लपवण्याची गोष्ट न राहता अनुभवाचा अधिकार होतो, आणि हा अधिकार बुगीच्या उसळत्या ठेक्यावर सांगितला जातो, म्हणून त्यात विनवणीचा सूर उरत नाही.

दुसरे गाणे 'स्कूल टीचर्स ब्लूज'. शिक्षकी पेशातल्या वाचकांना या गाण्याचे वेगळे स्पष्टीकरण नको. ब्लूजच्या परंपरेत शेतमजूर, रेल्वेवरचा हमाल, धुणेवाली, कैदी हे सारे आपापले गाऱ्हाणे घेऊन आलेले आहेत. त्या रांगेत शाळेतली बाईही उभी राहू शकते, हे या गाण्याने दाखवले. त्यात धाडस आहे, कारण ब्लूज 'खरा' वाटण्यासाठी गाणाऱ्याने फाटके असावे, निरक्षर असावे, शक्यतो तुरुंगात जाऊन आलेले असावे, अशी एक रोमँटिक अट श्रोत्यांनी घालून ठेवलेली आहे. राज्याचा सन्मान मिळवलेली विज्ञानशिक्षिका ही अट पूर्ण करीत नाही. तिचे गाणे म्हणून खोटे ठरते काय?

हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि १९९० हे वर्ष त्याच्या दृष्टीने मोठे अर्थपूर्ण आहे. त्याच वर्षी कोलंबिया कंपनीने रॉबर्ट जॉन्सन या मिसिसिपीच्या गायक-वादकाच्या सर्व ध्वनिमुद्रणांचा संच प्रसिद्ध केला. जॉन्सन १९३८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मरण पावला. १९३६ आणि १९३७ मधल्या मोजक्या दिवसांत त्याची २९ गाणी ध्वनिमुद्रित झाली. हा संच अपेक्षेपलीकडे खपला आणि त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. जॉन्सनच्या थोरवीविषयी वाद नाही. पण त्याच्याभोवती जे मिथक उभे राहिले, त्याकडे पाहिले पाहिजे : एकटा पुरुष, खांद्यावर गिटार, निर्मनुष्य चौरस्ता, सैतानाशी करार, अकाली मृत्यू. बिनविजेच्या ब्लूजचे हेच एकमेव खरे चित्र होऊन बसले. त्याच वर्षी आलेल्या, तितक्याच बिनविजेच्या, पण तीन बोलक्या, जिवंत, मध्यमवयीन बायकांच्या अल्बमचे या चित्रात स्थान कोठे?

गंमत अशी की, इतिहास या बायकांच्या बाजूने साक्ष देतो. ब्लूज ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात आला तो स्त्रियांच्या आवाजात. १० ऑगस्ट १९२० रोजी मेमी स्मिथने 'क्रेझी ब्लूज' ध्वनिमुद्रित केले, ते अफाट खपले, आणि कृष्णवर्णीय श्रोता हा ग्राहक असतो हे कंपन्यांना उमगले. १९२३ साली बेसी स्मिथ आणि मा रेनी यांची ध्वनिमुद्रणे सुरू झाली. बेसी स्मिथने ज्या गाण्याने लौकिक मिळवला, ते 'डाउनहार्टेड ब्लूज' अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिन या दोन स्त्रियांनी रचलेले होते. मा रेनीने १९२८ साली 'प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज'मध्ये स्त्रियांच्या संगतीविषयीची आपली आवड जाहीर केली आणि वर पुराव्याचे आव्हान दिले. आयडा कॉक्सने १९२४ मध्ये मुलखावेगळ्या स्त्रियांचे गुणगान केले. मेम्फिस मिनीने १९२९ पासून पुढे गिटारवादनात भल्याभल्या पुरुषांशी बरोबरी केली. तिच्या इलेक्ट्रिक गिटारीने भारावून लँग्स्टन ह्यूजने १९४३ च्या आरंभी 'शिकागो डिफेंडर'मध्ये स्तंभ लिहिला. पुढे महामंदीने ध्वनिमुद्रणाचा धंदा खचला आणि या गायिकांची सद्दी संपली. १९६० च्या दशकात गोऱ्या संग्राहकांनी ब्लूजचे पुनरुज्जीवन केले तेव्हा त्यांना रंगमंचावरच्या, मोत्यांच्या माळा घातलेल्या या राण्या 'व्यापारी' वाटल्या आणि एकाकी पुरुष 'अस्सल' वाटला. एलायजा वॉल्ड यांनी २००४ सालच्या 'एस्केपिंग द डेल्टा' या ग्रंथात ही उलथापालथ तपशिलाने दाखवली आहे.

म्हणजे सॅफायरची त्रयी ब्लूजमध्ये काही नवे घुसडत नव्हती. ती जुनी, मोडून टाकलेली वाट पुन्हा चालत होती. टोमणा, द्व्यर्थ, स्वतःच्या इच्छेची जाहीर वाच्यता, अप्रामाणिक पुरुषाची हजेरी घेणे, हे सगळे मा रेनी आणि बेसी स्मिथ यांच्याकडचे वारसाधन आहे. अँजेला डेव्हिस यांनी १९९८ मध्ये 'ब्लूज लेगसीज अँड ब्लॅक फेमिनिझम' या पुस्तकात या गायिकांच्या गीतांतून श्रमजीवी कृष्णवर्णीय स्त्रियांची स्त्रीवादी जाणीव वाचून दाखवली. हेझल कार्बी यांनी त्याआधी, १९८६ मध्ये, याच दिशेने निबंध लिहिला होता. या समीक्षेचे ऋण मोठे आहे. तरी एक शंका मांडावीशी वाटते. जाणीव शोधत निघालेली समीक्षा कधीकधी हसणे हे केवळ जाणिवेचे वाहन समजते. मुक्कामाला पोचल्यावर वाहन सोडून द्यावे, तसे ते सोडून देते. सॅफायर ऐकताना याच्या उलट प्रत्यय येतो. तिघी मिळून हसतात त्या क्षणी काहीतरी प्रत्यक्ष घडते. 'आपण एकटी नाही' हे त्या हसण्याने सिद्ध होते. ते सिद्ध करायला निराळे विधान लागत नाही.

आणखी एका अवघड प्रश्नाला बगल देता येणार नाही. रॅबसन गोरी, अडेग्बालोला कृष्णवर्णीय. आणि गिटारीचे धडे अडेग्बालोलाने घेतले ते रॅबसनकडून. गोऱ्या कलावंतांनी काळ्यांच्या संगीतावर नाव आणि पैसा कमावल्याचा दीर्घ इतिहास पाहता, गोऱ्या बाईने काळ्या बाईला ब्लूजची गिटार शिकवावी, हे चित्र काहींना खटकेल. खटकावेही, तो इतिहास विसरण्याजोगा नाही. पण हा अल्बम त्या प्रश्नाला कसे सामोरे जातो, ते ऐकावे. कोणी कोणाच्या आवाजाची नक्कल करीत नाही. रॅबसन मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात राबल्याचा आव आणत नाही. ती आपल्याच आयुष्यातून, आपल्याच जाड, खर्जातल्या आवाजात गाते. अडेग्बालोलाचा आवाज अधिक नाट्यमय, अधिक आक्रमक आहे, आणि पायरी नाकारण्याचा अधिकार तिने ठिय्या आंदोलनाच्या वयातच कमावलेला आहे. दोघींचे अनुभव एकरूप झाल्याचा दावा गाण्यांत कोठेही नाही. दोन भिन्न इतिहास एकाच आवर्तनात आळीपाळीने बोलतात आणि एकमेकींना बोलू देतात. परंपरेवरचा हक्क रक्ताने ठरतो की साधनेने, या प्रश्नाचा निकाल एका अल्बमने लागत नाही. मात्र तो प्रश्न तिघींनी दडवलेला नाही, उघड्यावर ठेवला आहे.

मराठी वाचकाचा या साऱ्याशी काय संबंध? एक संबंध सर्वश्रुत आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन, आणि तेव्हापासून काळ्यांचे साहित्य आपल्या चर्चेत अगत्याने येत राहिले. ते आले मुख्यतः छापील शब्दाच्या वाटेने, आणि विद्रोहाचे साहित्य म्हणून आले. ती त्या काळाची गरजच होती. पण संताप पोचला तसा त्या साहित्यामागचा कानावर पडणारा भाग, विशेषतः बायकांचा ठसका, पोचला नाही असे मला वाटते. अ‍ॅलिस वॉकरची 'द कलर पर्पल' ही १९८२ ची कादंबरी आपण शिकवतो. तिच्यातली शुग एव्हरी ब्लूज गाणारी आहे हेही सांगतो. परंतु तशी बाई गाते म्हणजे नेमके काय करते, हे वर्गात ऐकवले जात नाही.

आपल्या कानाला हे ऐकण्याची तयारी नाही असे मुळीच नाही. जात्यावरच्या ओव्यांत कष्टाचे गाऱ्हाणे आणि सासरच्या माणसांना मारलेला चिमटा शेजारी शेजारी नांदतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहाने ते सिद्धच केले आहे. दोन परंपरांचे नाते जोडण्याची घाई मात्र करू नये. जाते आणि पियानो यांचे जग निराळे. त्यातून एक फरक फार बोलका आहे. आपली शृंगारिक लावणी स्त्रीच्या तोंडी असली तरी ती बहुतांशी राम जोशी, होनाजी बाळा यांच्यासारख्या पुरुष शाहिरांनी रचलेली. सॅफायरच्या गाण्यांत स्त्रीची इच्छा स्त्रीच रचते, स्त्रीच वाजवते आणि स्त्रीच गाते. 'स्त्रीचा आवाज' हा शब्दप्रयोग आपण समीक्षेत सैलपणे वापरतो. रचना, वादन आणि गायन या तिन्ही जागा वेगळ्या करून पाहण्याची सवय या अल्बममुळे लागते.

दोषही सांगितले पाहिजेत. सगळी गाणी सारख्या तोलाची नाहीत. काही गाण्यांत शीर्षकातलीच गंमत पुढे ताणली जाते. एकदा हसून झाले की पुन्हा ऐकण्याजोगे फारसे उरत नाही. ज्या गाण्यांत हसण्याच्या पाठीमागे खरी निकड आहे, तेथे मात्र दहाव्यांदा ऐकतानाही तिसऱ्या ओळीची वाट पाहावीशी वाटते. विनोदाची ही कसोटी साहित्यालाही लावून पाहण्यासारखी आहे : पुढे काय येणार हे ठाऊक असूनही जो हसवतो, त्या विनोदात माहितीपेक्षा अधिक काहीतरी असते.

पुढची हकीकत थोडक्यात. १९९२ मध्ये अर्लीन लुईस गटातून बाहेर पडली आणि अँड्रा फे आली; तिच्यामुळे बासच्या जोडीला व्हायोलिन आणि मँडोलिन आले. २००९ साली 'हॅविन द लास्ट वर्ड' हा शेवटचा अल्बम काढून त्रयीने आपणहून निरोप घेतला. शेवटचा शब्द आपलाच, असे नावातच बजावून. अ‍ॅन रॅबसन २०१३ मध्ये वारली. जॉन्सनसारखे मिथक या बायकांभोवती उभे राहिले नाही, आणि ते बरेच झाले. मिथकाला मेलेला नायक लागतो. या गाण्यांना ऐकणारे, मध्येच हुंकार देणारे, हसणारे जिवंत लोक लागतात.

म्हणून साहित्य शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. ब्लूज शिकवायचा असेल तर त्याचे शब्द छापून वाटण्याआधी तो वाजवावा. टाचणवही बंद ठेवावी. वर्गात कोणी हसले तर त्याला गप्प करू नये. तो कोठे हसला, कोणत्या ओळीला हसला आणि कोण अजिबात हसले नाही, याची मनात नोंद घ्यावी. पहिली ओळ, तिची पुनरावृत्ती आणि तिसरीची कलाटणी यांविषयीची चर्चा तेथूनच सुरू होईल. वर्ण, वर्ग, वय आणि स्त्रीत्व यांविषयीचीही. दुःख त्या चर्चेत आपल्या पावलांनी येईलच, कारण ते या गाण्यांत आहेच. पण ते येईल तेव्हा शोकसभेतल्या तसबिरीसारखे न येता, दिवसभर पोरांना शिकवून, घरचे सगळे आवरून, रात्री गिटारीला तारा चढवणाऱ्या बाईसारखे येईल. तिला आपण दाद द्यायची, की तिच्यावर टिपण काढायचे? दोन्ही करता येते. फक्त क्रम चुकता कामा नये.